‘जरा दम धर’

परवा लातूरला एका पोराची कॉलर धरली, त्याचं सांगतो.

किल्लारीच्या भूकंपात आईबाप गेले, तेव्हापासून मला एकटा दादाच होता. मागच्या महिन्यात तोही गेला. लातूरच्या ज्या क्लासमध्ये तो कॉम्प्युटर सांभाळायचा, तिथं त्याचं सामान आणायला गेलो होतो. आत पोरं कॉम्प्युटरवर लिनक्स नावाचं कसलंसं नवं सॉफ्टवेअर टाकत बसली होती. त्यातला एक डोळे पुसत म्हणाला, “भाऊ, आमचा दादा गेला हो.”

डोकंच फिरलं. “तुमचा? तुमचा कधी झाला रे?”

“आम्हाला सगळं त्यानीच शिकवलं. ह्यातल्या इंग्रजीचं मराठीबी त्याचंच हाय. कुणीबी फुकट वापरावं म्हणून केलं.”

मी सातवीत शाळा सोडली, जीप चालवतो. मला ह्यातलं त्यानं कधी काही दाखवलं नाही. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती आणि खाली लिहिलं होतं, ‘जरा दम धर.’

मी चिडलो की दादा मला हेच म्हणायचा. “बाळ्या, जरा दम धर.” माझ्यापुरतं बोलणं साऱ्या दुनियेला वाटून मोकळा झाला! मी त्या पोराची कॉलरच धरली. “काढ ते आधी!”

पोरगं घाबरून म्हणालं, “भाऊ, आधी तिथं ‘बाळ्या’बी होतं. त्याच्यासंगं मराठी करणाऱ्या ग्रुपातल्या लोकांनी काढायला लावलं, तर दादा लई भांडला. हा बाळ्या कोण, ते मात्र आम्हाला कधी सांगितलं न्हाई.”

मी कॉलर सोडली. म्हणालो, “तुम्हाला कशाला सांगंल?”