चौथी पट्टी

अजीज : हात लावू नका, राधाकृष्णभाऊ. हाताला घाम आलाय तुमच्या. हे टेपरेकॉर्डरचं मशीन लष्कराच्या कॅम्पातल्या साहेबांचं आहे, माझ्या बापाचं नाही.

राधाकृष्ण : धूळ पुसत होतो फक्त.

अजीज : सदऱ्याच्या बाहीनं?

राधाकृष्ण : साहेबांना कळणार नाही ना, आपण वापरलं ते?

अजीज : त्यांनी दुरुस्तीला दिलंय. दुरुस्त झालं की नाही, ते वाजवून बघायला नको? तेच बघतोय आपण. संध्याकाळी त्यांचा ऑर्डर्ली येईल न्यायला. त्याच्या आत भाभीचं गाणं उरकायचं. कुठं गेल्या भाभी?

राधाकृष्ण : शेजारी. गोजरबाई मिरच्या कांडतायत, त्यांना जरा थांबा म्हणून सांगायला. अजीज, परत एकदा सांग, कसं करायचं?

अजीज : परत? बरं. ही टेप. हिच्यावर चार पट्ट्या. वावरात सऱ्या असतात ना, तशा. एका सरीचं पाणी दुसरीत जात नाही. पहिल्या पट्टीवर भाभीचा आवाज. मग हा खटका इकडून तिकडे, की तिसऱ्या पट्टीवर तुमची पेटी. मग दोन्ही बरोबर वाजवायच्या.

राधाकृष्ण : आणि दुसरी नि चौथी?

अजीज : त्या रीळ उलटं लावल्यावर. आपल्याला लागत नाहीत.

राधाकृष्ण : पण मी म्हणतो, गाणं आणि पेटी एकदमच का नाही घ्यायची?

अजीज : माईक एकच आहे, भाऊ. आणि बुरा मानू नका, तुम्ही पेटी वाजवता ती लोहाराच्या भात्यासारखी. भाभीचा आवाज खाली दबून मरेल. आता नीट बघा. आवाज भरताना हे लाल बटण आणि हे शेजारचं, दोन्ही एकदम दाबायची. एकच दाबलं तर टेप फिरत राहील, आपल्याला वाटेल भरतंय, आणि आत काहीच नसेल.

राधाकृष्ण : लाल आणि शेजारचं. लाल आणि शेजारचं.

अजीज : भाभीला सांगितलं?

राधाकृष्ण : काय?

अजीज : काय म्हणजे? डॉक्टर बोलले ते.

राधाकृष्ण : सांगितलं की. गळ्यातली गाठ काढायची, उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याला निघायचं, परवा ऑपरेशन.

अजीज : आणि आवाजाचं?

राधाकृष्ण : हळू बोल रे. गाठ आवाजाच्या शिरेला चिकटलीय. शीर वाचली तर वाचली. आवाज परत येईल असं धरून चालू नका, म्हणाले. हे मी तिला कोणत्या तोंडानं सांगू? परवा जिला टेबलावर झोपायचंय तिला? मी सांगितलंय, मोठीला पाठवायचंय गाणं, नाशिकला. तिला आईची आठवण येते म्हणून.

अजीज : मोठीकडे टेपरेकॉर्डर आहे?

राधाकृष्ण : नाही.

अजीज : वा.

चांगुणा : थांबल्या बया एकदाच्या गोजरबाई. पर म्हनल्या, झालं की भितीवर थाप मारा, मिरच्या सर्दायला लागल्यात. अजीजभाई, च्या टाकू का आदी?

राधाकृष्ण : चहा नको! चहा नंतर. तू बस. इथं नको, इकडं. पाणी प्यालीस? गार नाही ना प्यालीस?

चांगुणा : काय झालंय ह्यांना? सकाळपासनं नुसतं माज्या म्हागं म्हागं करत्यात.

राधाकृष्ण : बटणं मी दाबतो, अजीज.

अजीज : दाबा. भाभी, तोंड माईकपासून एक वीत लांब. त्या झोपाळ्याच्या गाण्याला सुरुवात करा.

(चांगुणा गाते. रेडिओवर लागणारं जुनं गाणं. तिला ते पूर्ण पाठ आहे.)

अजीज : काय गळा आहे, भाभी! ऐकू या आता. … भाऊ.

राधाकृष्ण : काय?

अजीज : आत काहीच नाही.

राधाकृष्ण : नाही म्हणजे? टेप फिरत होती. मी डोळ्यांनी बघत होतो!

अजीज : फिरत होती. लाल बटण वरच राहिलंय.

राधाकृष्ण : अरे देवा! मी दाबलं होतं रे. दाबलं होतं असं मला… माझ्यामुळं हिचं सगळं गाणं वाया गेलं.

चांगुणा : वाया कशानं जातंय? तुमी ऐकलंत की. म्हनते परत, त्यात काय.

राधाकृष्ण : दुखत नाही ना? दुखत असलं तर सांग. थोडं थांबू या का? पण थांबायलाही वेळ नाही. घड्याळ बघ, अजीज.

अजीज : तुम्ही घड्याळ बघा, बटणं मी बघतो. हां, भाभी. म्हणा.

चांगुणा : …झालं. जरा घोगरा लागला का शेवटाला?

अजीज : छान लागला. आता उतरलं असणार. ऐका… बघा, कसं साफ आलंय. हे पहिलं कडवं. हे दुसरं… हे काय? थांबा. परत ऐका. झोपाळ्याच्या ओळीत. गाणं चाललंय, चाललंय, आणि मध्येच नुसती घरघर. म्हूं हूं हूं. मग परत गाणं.

राधाकृष्ण : टेप खराब आहे?

अजीज : टेप कोरी आहे. टेप जिथं घासते त्या हेडवर मळ बसला असेल. स्पिरिटचा बोळा फिरवतो. … आता ऐका. परत तेच! त्याच जागी.

राधाकृष्ण : साहेबांचं मशीन बिघडलं आपल्या हातून. आता काय करायचं? ऑर्डर्ली येईल. उद्या सकाळी गाडी आहे. आज नाही झालं तर परत कधी होणार हे?

अजीज : घाबरू नका. पेचकस द्या तो. वरचं झाकण काढून बघतो, आत पट्टा सरकला असेल.

राधाकृष्ण : खोलू नको रे! खोललंस आणि परत लागलंच नाही तर?

अजीज : मग असं अर्धं गाणं ठेवायचं? ऐन मजेदार ओळीत मशीन मुकं होतंय. एक पेच निघाला. दुसरा…

चांगुणा : अजीजभाई, ऱ्हाऊ द्या ते. यंत्राला काय बी झालेलं न्हाई.

अजीज : असं कसं? ही घरघर कसली मग?

चांगुणा : ती मी हाय.

राधाकृष्ण : तू?

चांगुणा : व्हय. तिथं नाव येतंय ना.

अजीज : कुणाचं नाव? झोपाळ्यावर कोण बसलंय तर रा… हात्तिच्या! झोपाळ्यावर राधाकृष्ण बसलेत!

चांगुणा : मग मी कसं घेनार ते? तिथं मी तोंड मिटून नुसती चाल म्हनते. पहिल्यापासनं.

राधाकृष्ण : वीस वर्षं हे गाणं म्हणतेस घरात. आत्ताही दोनदा म्हटलंस. मला कसं कळलं नाही?

चांगुणा : तुमी कवा ऐकलंत? मी गानं सुरू केलं की तुमी पेटी काढता. आन आज तुमा दोगांचं बी ध्यान यंत्राकडं हुतं.

अजीज : भाऊ, मी काही बोललो नाही हं. म्हणजे लोहाराच्या भात्याचं मला एकट्यालाच वाटत नाही.

राधाकृष्ण : चांगुणा, आज म्हण ते. पूर्ण म्हण. गाण्यातलंच तर आहे. देवाचं नाव आहे.

चांगुणा : देवाचं असंल. पर मी म्हनले की डोळ्यांपुढं देव येत न्हाई, तुमी येता. बनियनवर.

राधाकृष्ण : आलो तर आलो. एकदाच.

चांगुणा : न्हाई. धन्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी व्हतं. माज्या मावशीनं राजूरच्या बाजारात भांडताना घेतलं, भर लोकांत. वरीस न्हाई सरलं.

राधाकृष्ण : तुझे काका दारूनं गेले.

चांगुणा : दारू आदीबी पीत हुते. गेले मातर नाव घेतल्यावर.

अजीज : खरंय, भाभी. आमची अम्मीसुद्धा अब्बांना जन्मभर 'अजीजचे अब्बा' म्हणायची. मी जन्मायच्या आधी काय म्हणत होती, खुदा जाणे.

राधाकृष्ण : तू गप रे. चांगुणा, लग्नात घेतलं होतंस ना? उखाण्यात?

चांगुणा : उखान्यातलं धरत न्हाईत.

राधाकृष्ण : मला ते ऐकूच आलं नव्हतं. बायकांनी एवढा गलका केला, तुझे ओठ हलले तेवढे दिसले. मी म्हटलं, जाऊ दे, पुढं कधीतरी ऐकू. ते पुढं कधी आलंच नाही.

चांगुणा : गलका कशाला? तुमचं ध्यान जिलबीकडं हुतं.

अजीज : घ्या ना भाभी, एवढं म्हणतायत तर. पुन्हा असा मोका…

राधाकृष्ण : अजीज!

चांगुणा : का? पुन्हा का न्हाई?

अजीज : म्हणजे… मशीन परत जाणार ना. साहेबांचं आहे ना.

चांगुणा : अजीजभाई, तुमाला खोटं बोलता येत न्हाई, तुमी त्या पेचकसाकडंच बघा. अहो, इकडं बघा माज्याकडं. काय म्हनले हुते डाक्टर?

राधाकृष्ण : सांगितलं ना. गाठ.

चांगुणा : गाठ मला हाताला लागती. तिच्या म्हागं काय हाय, ते सांगा.

राधाकृष्ण : आवाज… कदाचित. कदाचित हं. गाठ काढताना शीर दुखावली, तर आवाज परत येईलच असं नाही.

चांगुणा : हं.

राधाकृष्ण : मी सांगणार होतो.

चांगुणा : कवा? मी मुकी झाल्यावर? तवा मला इचारता बी आलं नसतं.

राधाकृष्ण : तुला माहीत होतं?

चांगुणा : त्या दिवशी दवाखान्यातनं निघाल्यावर तुमी टांगा केलात. वीस वर्सांत मला कवा टांग्यात बसवलं न्हाई. माळीवाड्यात जायचं असू दे, तोफखान्यात असू दे, समदं पायी. तवाच म्हनलं, माजं काईतरी मोठं जानार. पर जीव जायचा असता तर तुमी रडला असता. रडला न्हाईत, नुसते माज्या गळ्याकडं बघत ऱ्हायलात. मग मी घरी येऊन इचार केला. गळ्यात माज्या दुसरं हाय काय? डोरलं आन आवाज. डोरलं तर तुमीच गेल्यावर जातंय.

राधाकृष्ण : असं बोलू नको गं.

चांगुणा : रडताय कशाला आता? मुकी बायको मिळावी म्हनून लोक नवस करत्यात.

राधाकृष्ण : तुला भीती वाटत नाही?

चांगुणा : वाटती की. चूल पेटवताना वाटती. म्हंजे असं, की तुमी न्हानीत हाय, दूध उतू चाललंय, आन मला तुमाला हाक मारायचीय. तर काय करायचं?

राधाकृष्ण : ताट वाजव.

चांगुणा : ताट?

राधाकृष्ण : वाजव. मी साबण लागलेला धावत येईन.

चांगुणा : मग वाजवते जोरात, गोजरबाईंना बी बघू दे. … अजीजभाई, ते पेच बसवा बघू. हाय ते गानं चांगलं हाय. त्याच्यावर ह्यांची पेटी भरा.

राधाकृष्ण : घरघरीसकट?

चांगुणा : घरघरीसकट. गानं चार लोक ऐकतील. तिथं मी नाव घेनार न्हाई.

अजीज : भाऊ, पेटी घ्या. हे कानाला लावा, भाभीचा आवाज आत येईल. खटका तिसऱ्या पट्टीवर टाकलाय, मी स्वतः टाकलाय. भाता हलक्या हातानं. … हलक्या, भाऊ. … हां, असं. … वाहवा. भरलं. ऐकू या दोन्ही बरोबर?

चांगुणा : अगं बया. मी एकीकडं, पेटी एकीकडं, आन तरी संगं चाललोय. आन हे बगा, माजी घरघर आली, आन ह्यांनी तिथं पेटीच थांबवली.

राधाकृष्ण : मला वाजवता नाही आलं तिथं.

चांगुणा : पयल्यांदाच ऐकलंत तुमी मला. … अजीजभाई, रीळ उलटं केल्यावर त्या दोन पट्ट्या ऱ्हातात म्हनत हुता ना? गोजरबाईंकडं जायच्या आदी ऐकलं हुतं मी. त्या मोकळ्याच हायेत?

अजीज : कोऱ्या.

चांगुणा : शेवटची लावून द्या मला. आन बटनं दाखवा. मग तुमी दोगं अंगनात जा.

राधाकृष्ण : कशाला? मी थांबतो की. तुला जमणार नाही ते, दोन बटणं असतात, मला बघ कसं…

चांगुणा : जा म्हनते ना.

अजीज : हे लाल, हे शेजारचं, भाभी. चला भाऊ. लिंबाखाली बसू.

राधाकृष्ण : दार का लावतेय ती? अजीज, इथून काही ऐकू येतंय का?

अजीज : नाही. आणि आलं तरी मी ऐकणार नाही. तुम्हीही कान दुसरीकडे करा.

राधाकृष्ण : फार वेळ लागतोय.

अजीज : कुठं फार? बिडी पेटली नाही अजून माझी.

चांगुणा : या आत. झालं.

राधाकृष्ण : काय झालं? काय म्हणालीस?

चांगुणा : ते आता इचारायचं न्हाई. ऐका नीट. पुन्याहून आल्यावर माजा आवाज आला, तर ती चौथी पट्टी मीच पुसनार. न्हाई आला, तर ऐका. एकदा. पेटी न वाजवता.

राधाकृष्ण : आणि ते आयुष्याचं? मावशीचं?

चांगुणा : देवाला आदीच सांगितलंय. माजा आवाज नेनार असशील तर ह्या नावाचं त्यातच वळतं करून घे. ह्यांच्याकडं मागू नको.

अजीज : ऑर्डर्लीची सायकल वाजली बाहेर. आवरतो मी. हे रीळ तुमचं, भाऊ, कापडात गुंडाळून ठेवा. उन्हात नाही ठेवायचं.

राधाकृष्ण : पण लावायचं झालं तर मशीन?

अजीज : साहेबांचं मशीन आहे. बिघडायला कितीसा वेळ लागतो? येतो, भाभी. पुण्याहून या नीट. भिंतीवर थाप मारू ना?

चांगुणा : मारा. मिरच्या खोळंबल्यात बिचारीच्या.

राधाकृष्ण : चांगुणा.

चांगुणा : आता काय?

राधाकृष्ण : काय म्हणालीस ते विचारत नाही. एवढंच सांग. लाल आणि शेजारचं, दोन्ही दाबली होतीस ना?

चांगुणा : दोन्ही हातांनी. सोडवत नव्हती.