रेडिएटरात शेंदूर

मंडळी, ऐका. आज गजर नंतर, प्रश्न आधी. घाण आत गेली – जिथे जायला नको तिथे गेली – तर ती पुरती निघाली, सगळं स्वच्छ झालं, हे कोणी ठरवायचं? ज्याने घातली त्याने? ज्यांनी बघितली त्यांनी? की पाण्याने?

विचार करा. झांजवाले, तुम्हीसुद्धा!

समितीने मला ध्रुवाचं आख्यान लावायला सांगितलं होतं. ध्रुव अढळ आहे, पुढच्या वर्षीही तिथेच सापडेल. आज मी कोनाळीचं आख्यान लावतो. म्हणजे याच गावाचं. देवस्थानचे अध्यक्ष आबासाहेब खळदकर पहिल्या रांगेत बसलेत. नमस्कार, आबासाहेब! तुमचंच आहे. उठू नका, सतरंजी गोळा होते.

मागून कोण म्हणालं, "बुवा, ही गोष्ट आम्हाला माहीत आहे"? अहो, प्रल्हादाची माहीत नसते काय? खांब फुटणार हे ठाऊक असूनही दरवर्षी दचकता ना? मग आजही दचका.

तर खंडेनवमी. याच मारुतीपुढे गाड्यांची पूजा. ट्रॅक्टर, फटफट्या, गुरवांची सायकल, आणि देवस्थानची पांढरी व्हॅन. ही व्हॅन करते काय? दर मंगळवारी आणि शुक्रवारी चार माणसांना घाट उतरून जिल्ह्याच्या इस्पितळात नेते. डायलिसिसला! मूत्रपिंड दमलं की रक्त यंत्रातून धुऊन आणावं लागतं. वार चुकवून चालत नाही. त्या चौघांत आपल्या सुलोचनाबाई, निम्म्या गावाला पाढे शिकवलेल्या.

हार झाला. नारळ झाला. चाकाखाली लिंबू झालं. आबासाहेबांना वाटलं, एवढ्याने भागणार नाही. शनिवारी मारुतीरायाच्या अंगावरून जे तेल ओघळतं, ते खाली घंगाळात साठतं. आबासाहेबांनी त्यात तांब्या बुडवला आणि म्हणाले, "बॉनेट उघडा! बाहेरून टिळा कोणीही लावील. प्रसाद गाडीच्या पोटात गेला पाहिजे!"

काय ती श्रद्धा! मी श्रद्धेला नावं ठेवत नाही. झाकणाला ठेवतो. बॉनेटखाली एका झाकणातून तेल जातं आणि दुसऱ्यातून पाणी – इंजिन तापू नये म्हणून आत फिरत राहणारं पाणी. आबासाहेबांनी कोणतं उघडलं?

बरोबर! आत्ता कसं चटकन सांगितलंत! तेव्हाही ठाऊक होतं की! चाळीस माणसं गोल करून उभी होती. ड्रायव्हर दिगंबर हातभर अंतरावर. तांब्या कलला. दिगंबरच्या तोंडून "सा–" एवढंच अक्षर निघालं, "–हेब" घशात राहिलं. अख्खा तांब्या आत गेला. आणि चाळीस माणसांनी काय केलं? – टाळ्या वाजवल्या!

मंगळवारी व्हॅन निघाली. घाटाच्या तिसऱ्या वळणावर इंजिनच्या तापमानाचा काटा लाल घरात, बॉनेटमधून वाफ! तीन तास रस्त्याच्या कडेला. बाकी तिघांना मागून आलेल्या जीपने कसंबसं पोहोचवलं, पण सुलोचनाबाईंना बसवेना. त्यांची पाळी चुकली, आणि ओढत आणलेल्या व्हॅनमधूनच त्या घरी परत आल्या. बुधवारी पाय सुजले, आडवं झालं की धाप. डॉक्टर फोनवर म्हणाले, "शुक्रवार चुकवू नका. आणि खाटेवर, डोकं उंच ठेवून, ऑक्सिजन लावून आणा." तशी खाट आणि तशी नळी गावात एकाच गाडीत. कोणत्या? मी सांगायला हवं?

गाडी ओढत आणली फाट्यावर, शेवंताबाई पांचाळांच्या शेडमध्ये. नवरा गेल्यापासून पान्हा बाईंच्याच हातात. शेड देवस्थानच्या जागेत. हे लक्षात ठेवा, आबासाहेबांच्या लक्षात आहे.

शेवंताबाईंनी गार झालेलं झाकण उघडलं. आत पाणी नाहीच! आत खरवस. दाट, चिकट, आणि रंग कसला – केशरी!

आबासाहेब आधीच येऊन बसलेले. म्हणाले, "गाडी जुनी झाली. इंजिनचं तेल पाण्यात उतरलं असणार. तसं लिहून दे."

शेवंताबाईंनी बोट बुडवलं. वास घेतला. बोटं एकमेकांवर चोळली. म्हणाल्या, "इंजिनाचं तेल काळं असतंय, साहेब. हे तिळाचं हाय. आन् त्यात शेंदूर हाय. इंजिनात शेंदूर कुठनं येतो, तेवढं सांगा. लगेच लिहून देते."

मंडळी, आबासाहेबांनी पुढे केलेला कागद घडी घालून परत खिशात ठेवला.

मग काम सुरू झालं. नीट ऐका, परमार्थ इथेच आहे. घट्ट झालेलं सगळं काढून टाकायचं. तेलाने फुगून मऊ पडलेले रबरी पाइप धुण्यापुरतेच ठेवायचे, शेवटी फेकून नवे बसवायचे. साबणपूड विरघळवलेलं पाणी भरायचं. इंजिन चालू करून तापवायचं, कारण थंडपणी तेल सुटत नाही. मग पाणी सोडून द्यायचं. मग थांबायचं! तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं की लोखंड तडकतं. गार झालं की पुन्हा भरायचं. एक फेरी म्हणजे दीड-दोन तास. अशा किती? शेवंताबाई म्हणाल्या, "ते मी नाही, पाणी सांगंल."

कसं सांगणार? प्रत्येक फेरीचं थोडं पाणी काचेच्या बरणीत घ्यायचं आणि बरणी फळीवर ठेवून द्यायची. हलवायची नाही. पाणी हलतंय तोवर सगळं एकसारखं दिसतं, मंडळी! स्वस्थ ठेवलं की तासाभरात तेलाची केशरी कडी वर येते.

बुधवारच्या सगळ्या बरण्यांत कडी. गुरुवारी सकाळीही कडी. बारीक होत चाललेली, पण कडी.

गुरुवारी दुपारी आबासाहेबांचा निरोप आला – चार वाजता गाडी पाहिजे. का? तालुक्याहून पाहुणे येणार होते, व्हॅनला हिरवा झेंडा दाखवून रुग्णसेवेचा शुभारंभ करायला. ही सेवा तीन वर्षं चालू आहे आणि तिचा हा चौथा शुभारंभ! निरोपाबरोबर गंगाजलाचा एक गडू आला, वरून लाखबंद. "हे ओत म्हणावं, शुद्ध होईल."

शेवंताबाईंनी गडू दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि देवळीत ठेवला. म्हणाल्या, "गंगामाई पाप धुती. तेलाला साबण लागतो."

साडेतीनला आबासाहेब स्वतः आले. बरोबर दिगंबर, आणि दिगंबरच्या खिशात कार्यालयातली दुसरी चावी.

"काय गं शेवंते, पाणी तर स्वच्छ दिसतंय!"

"आत्ताच काढलंय, साहेब. तासभर थांबा, कडी दिसंल."

"तासाभराला वेळ कुणाला आहे? मिरवणुकीपुरती दे. गावातल्या गावात दोन फेऱ्या. नंतर काय धुवायचं ते धू."

"दोन फेऱ्या झाल्या की इंजिन तापणार. भाषणं संपून गाडी परत येणार, ती निवायला दोन तास. माझ्या अजून चार फेऱ्या राहिल्यात, नवे पाइप बसवायचे राहिलेत. उद्या पहाटे बाईंना घेऊन गाडी घाटात जायची हाय. न्हाई मिळणार."

"जागा कुणाची आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक हाय. जागा न्या. गाडी उद्या पहाटे."

"आणि जागा गेल्यावर खाशील काय?"

"ते बघंन. बाई गेल्यावर तुम्ही काय सांगाल, ते तुम्ही बघा."

आबासाहेब मान न वळवता म्हणाले, "दिगंबर, बस गाडीत. लाव चावी."

मंडळी, आठवा हा दिगंबर. हाच तो, "सा–" पाशी अडकलेला! अठरा वर्षांची नोकरी, घरी दोन लेकी, आणि समोर तोच तांब्यावाला हात. चावी बाहेर आली. दिगंबर गाडीपर्यंत गेला. दार उघडलं.

आणि बंद केलं.

म्हणाला, "साहेब, नवमीला तुम्ही पाण्याचं झाकण उघडलंत. मी बघत होतो. बोललो नाही. मंगळवारी घाटात बाई मला म्हणाल्या, दिगू, तुझा काही दोष नाही रे. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. साहेब, दोष माझाच होता." आणि चावी शेवंताबाईंच्या हातात दिली. "नोकरीचं काय ते लेखी कळवा. शेवंताताई, पाणी कुठनं आणू?"

पाणी कुठनं आणू! नळाला पाणी एक दिवसाआड, तेही अर्धा तास. दिगंबर खांद्यावर कावड घेऊन ओढ्यावर गेला. परत आला. पुन्हा गेला. हा माणूस वेशीतून कावड नेताना कितीजणांनी पाहिला? हात वर करू नका, मला ठाऊक आहे. मोहित्यांच्या सुनेने पाहिला आणि घरातली कळशी उचलली. बाकीचे कुठे होते? चौकात! रिकाम्या रस्त्याला पाहुणे हिरवा झेंडा दाखवत होते, तिथे टाळ्यांना माणसं कमी पडायला नकोत!

शुक्रवारी पहाटेची बरणी. शेवंताबाईंनी ती खिडकीत धरली. तासभर ठेवलेली. फिरवून पाहिली, कडेला बोट लावून पाहिलं. काही नाही! नितळ! तेव्हा कुठे पाण्याच्या जागी नवं कूलंट भरलं. सुलोचनाबाईंना खाटेवर घेतलं, नळी लावली. गाडी निघाली, आणि शेवंताबाई काट्याकडे बघत दिगंबरच्या शेजारी बसून गेल्या. अख्खा घाट काटा मधल्या रेघेवरून हलला नाही. बाईंचं डायलिसिस झालं. बाई घरी आहेत. आज इथे आल्या असत्या, मीच म्हणालो, माझं कीर्तन चुकलेलं चालतं.

इथे टाळ्या? थांबवा! टाळ्यांवर माझा विश्वास उरलेला नाही.

कारण आख्यान संपलेलं नाही. सोमवारी नोटिसा निघाल्या. दिगंबर कामावरून कमी. शेवंताबाईंची शेड आठ दिवसांत रिकामी. कारण काय लिहिलंय? "देवस्थानच्या वाहनात झालेला बिघाड." आणि उद्या सकाळी दहाला, याच मंडपात, त्यावर सभासदांची मतं घ्यायची आहेत. सभासद म्हणजे कोण हो? मला तर दुसरं कोणी दिसत नाही!

आबासाहेब, तुमच्यावर माझा राग नाही. झाकण चुकू शकतं. मीही एकदा तंबोऱ्याऐवजी यजमानांच्या सासूबाईंना नमस्कार केलाय. पण झाकण चुकलं असं तोंडाने म्हणायला किती साबण लागेल, तेवढं सांगा. मी आणून देतो.

आणि मंडळी, तुम्ही? गावात सांगत फिरता – झालं गेलं, आता सगळं स्वच्छ आहे. असेल! तासभर झालाय, तुम्ही न हलता बसलाय. आत बघा. कडी आली का वर?

उद्या मताला हात वर करण्याआधी आज एक करा. नवमीला ज्यांनी तेल कोणत्या झाकणातून जातंय ते पाहिलं, त्यांनी उभं राहायचं. इथेच. अध्यक्षांच्या देखत. मारुतीच्या देखत.

मृदंग बंद. घाई नाही. मी उभाच आहे, कीर्तनकाराला सवय असते.

दिगंबर, तू बस रे. तुझं उभं राहून झालंय.

...हं. खांबाजवळ एक. कोण? मोहिते? या, उजेडात या.

पुढचं कोण?