बोडीचा अर्ज

गोंदियाहून आलेली गाडी सौंदडला थांबली. एक तरुण मुलगी उतरली आणि फलाटावर माझ्या बाकाशी उभ्या असलेल्या आपल्या आईला बिलगली.

"आई, सापडला वं कागद! नागपूरच्या जुन्या दफ्तरात."

"कोणता कागद, खुशबू?"

"आपल्या बोडीचा. शेताले पाणी पायजे म्हणून लहान तलाव, बोडी खोदू द्या, असा बायकायचा अर्ज. अकरा अंगठे हायेत."

"माह्या आजीचा हाये का?"

"पयलाच! बाजूले नाव लिवलं हाये, भागरथाबाई."

"माय वं! बोडी पाटलानं खोदली म्हणते सारं गाव. बायकायनं खोदली असं आजी सांगे तं लोकं हासत."

"आता माह्या पीएचडीत येईल. रडून काऊन राहिली?"

"फोटो काढला का?"

"मोबाईलात हाये. घरी पाहू."

"घरी मंग जाऊ. पयले पाटलाच्या दारी चल."