नानांच्या अढीतले झोपलेले आंबे

चहा निवू द्या रे, मी काय सांगतो ते ऐका. गोऱ्या साहेबाच्या राज्यात, पारोळ्याजवळ, जमीनदार नानांच्या ओट्यावर बाया बियाण्याच्या शेंगा फोडत होत्या. त्यांची तीन-चार वर्षांची पोरं शेंगा खात नि बोंबलत. नाना गरजले, "आता आवाज आला तर बठ्ठ्या, साऱ्याजणी, घरी जा!"

मजुरीवरच जिची चूल पेटायची, त्या सावित्राअक्काचा चेहरा पडला. मी तिथंच ओट्याच्या कडेला रिकामा, नुसता दात काढत बसलेलो. तिनं पोरं माझ्याच गळ्यात मारली.

मी त्यांना अढीच्या खोलीपुढे बसवून कुजबुजलो, "आत आंबे झोपेत पिकताहेत. जागे झाले तर आंबटच राहतील."

पोरं चिडीचूप! एवढी शांतता नानांनाच सोसेना. ओरडत आले, "पोरं गेली कुठं?"

सर्वांत धाकटी चिमी ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "नाना, हाळू! आंबा निजेल शेतस."

नानांनी तोंडावर हात ठेवला. मला दबक्या आवाजात विचारतात, "जागे तर नाही ना झाले?"

"नुसती कूस बदलली," म्हटलं.

गेले बिचारे, वहाणा हातात घेऊन!

संध्याकाळी मजुरी पदराला बांधत अक्का म्हणाली, "भाऊ, तुना मोठा उपकार शे."

"माझा कसला? मी पोरं सांभाळली. नानांना सांभाळलं ते चिमीनं!"