पिवळ्या पडद्याची दोरी

हिल्जा : अगं, पाणी कशाला जोडतेस? तशीच चालू कर की ही बोटीची मोटर.

सायमी : पाण्याशिवाय चालू केली तर आतला रबरी पंप मिनिटभरात जळतो.

हिल्जा : जळू दे! टोर्स्टीचीच आहे ना?

सायमी : टोर्स्टीचीच आहे, म्हणून तर. पंप जळला की त्याला लगेच कळेल. नळ सोड.

हिल्जा : धन्य आहे. ज्याने तुझ्या नवऱ्याची, आर्मासची अब्रू घालवली त्याची मोटर तू धुऊन देणार, आणि मी, तुझी सख्खी बहीण, नळ सोडणार. आईने बघितलं असतं तर दोघींना झाडूने हाणलं असतं.

सायमी : मागून धार येतेय का बघ.

हिल्जा : येतेय. गढूळ आहे.

सायमी : मीठ आणि गाळ निघून जाईपर्यंत चालू दे. दहा मिनिटं.

हिल्जा : पण कोणत्या तोंडाने आणली त्याने ही इथे?

सायमी : शहरातल्या त्याच्या मेकॅनिकने दुकान बंद केलं. आपल्या किनाऱ्यावरच्या चौदा मोटरी दर ऑक्टोबरात माझ्याच शेडमध्ये येतात. ही पंधरावी. फाटकात उभा राहून म्हणाला, ‘थंडीसाठी तयार करून देशील का?’ मी म्हटलं, देईन.

हिल्जा : मी थुंकले असते.

सायमी : थुंकून काय होतं?

हिल्जा : बरं वाटतं! आठवतंय ना ती सभा? मच्छीमार मंडळाचे सगळे बसलेले, आणि हा छातीवर हात ठेवून म्हणतो, ‘बोटींच्या वाटेत खुणेची झेंडी न लावलेलं जाळं होतं. आर्मास पिऊन आला असेल.’ पिऊन! आर्मास नाताळलासुद्धा अर्धा पेला ठेवून उठायचा.

सायमी : मला आठवतंय, हिल्जा.

हिल्जा : दोन वर्षं जाळं टाकायचं नाही म्हणाले. दोन वर्षं कसली, मार्चमध्ये आर्मास गेलाच. आणि तू कॉफी पीत बसल्यासारखी शांत.

सायमी : बंद कर पाणी. आता मी हो का म्हटलं ते सांगते. खाली हा गिअरचा डबा आहे, तेलाने भरलेला. थंडीच्या आधी तेल बदलायचं असतं. बदलताना मी त्यात कपभर पाणी सोडणार आणि स्क्रू घट्ट बसवून देणार.

हिल्जा : बस? एवढंच?

सायमी : त्याच्या शेडला शेकोटी नाही. जानेवारीत उणे वीस होतं. पाण्याचा बर्फ झाला की ते नऊ टक्के फुगतं आणि धातूचा डबाही तडकवतं. मेमध्ये मोटर समुद्रात उतरवल्यावर त्याला कळेल, आणि तो थंडीला शिव्या देईल.

हिल्जा : हे तू शाळेत शिकवायचीस?

सायमी : आठवीला. डबा तडकवायचं सोडून बाकी सगळं.

हिल्जा : सायमी, मी तुला फार ओळखत नाही असं मला आज वाटतंय. आण, कप कुठाय?

सायमी : आधी जुनं तेल काढू दे. खाली भांडं धर. हा खालचा स्क्रू. आता वरचा, हवा जायला.

हिल्जा : ई! हे तेल आहे? हे तर दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसतंय.

सायमी : तेलात पाणी आहे.

हिल्जा : म्हणजे?

सायमी : म्हणजे मला काही घालायची गरजच नव्हती. दोन्ही स्क्रू परत लावले असते तरी पुरलं असतं.

हिल्जा : मग लाव! परमेश्वरानेच सोय करून ठेवलीय, तू मध्ये पडू नकोस.

सायमी : पण पाणी आत आलं कुठून?

हिल्जा : तुला काय करायचंय?

सायमी : आपोआप येत नाही ते. पंख्यामागचं पाणी अडवणारं सील गेलं असणार. पाना दे, तो मोठा.

हिल्जा : तुझी ही खोड! घर जळत असलं तरी तू आधी आग कुठून लागली ते बघशील.

सायमी : नट सुटत नाहीये. दोन वर्षांत कोणी पंखा काढलेला दिसत नाही. पकड घट्ट... हां. निघाला. हिल्जा, दिवा इकडे घे. दांड्याला काहीतरी गुंडाळलंय.

हिल्जा : मासे धरायची दोरी असेल. घे चाकू, काप.

सायमी : नको. कापायचं नाही. सोडवते.

हिल्जा : किती ते वेढे! अगं, बोट कापेल.

सायमी : जाड आहे. तीन पदरांची वेणी आहे. दोन पदर जाळ्याच्या सुतळीचे. आणि तिसरा... ग्रीसमध्ये होता म्हणून रंग टिकलाय.

हिल्जा : पिवळा.

सायमी : तुझ्या मागे खिळ्यावर दोरी आहे, ती दे.

हिल्जा : ही? ही तर आर्मासने... सायमी, हा तर तुझ्या स्वयंपाकघरातला पडदा! ती लिंबाच्या रंगाची चौकडी!

सायमी : जुन्या पडद्याच्या पट्ट्या घालून तो झेंडीच्या दोऱ्या वळायचा. लांबून दिसतात म्हणायचा. जाळ्याला या दोऱ्या कधी लावायचा नाही. फक्त झेंडीच्या काठीला.

हिल्जा : म्हणजे झेंडी होती.

सायमी : झेंडी होती. याच्या पंख्याने ती खाली ओढली. दोरी दांड्यावर गुंडाळली गेली, सील हळूहळू कापत राहिली, आणि या उन्हाळ्यात पाणी आत शिरलं.

हिल्जा : आता तरी लाव ते स्क्रू. सायमी, ऐक माझं. तडकू दे मेल्याचं सगळं.

सायमी : आर्मासचा पत्र्याचा डबा काढ खालून. आपल्या मोटरीचं एक सील शिल्लक आहे. मापाचं आहे.

हिल्जा : वेड लागलंय का तुला?

सायमी : नाही. आत्ता कुठे नीट डोकं चालतंय.

(दोन तासांनी. टोर्स्टी फाटकातून आत येतो. कामाच्या मेजावर दोन दोऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.)

टोर्स्टी : सायमी! झालं का? वा, हिल्जापण आहे. वेलचीच्या बनचा वास रस्त्यापर्यंत येतोय.

हिल्जा : तुझ्यासाठी नाहीत ते.

टोर्स्टी : शाळेपासून अशीच आहे ही.

सायमी : मोटर तयार आहे. धुतली. पेट्रोल खराब होऊ नये म्हणून त्यात औषध घातलं, सिलिंडरमध्ये तेल फवारलं. गिअरच्या तेलात पाणी होतं, ते काढलं. सील नवीन घातलं, आर्मासच्या डब्यातलं. तेल खालून वर भरलं, वरच्या भोकातून स्वच्छ येईपर्यंत.

टोर्स्टी : पाणी होतं? बाप रे. राहिलं असतं तर फुटली असती.

सायमी : फुटली असती.

टोर्स्टी : देवमाणूस आहेस बाई. पाणी गेलं कसं आत?

सायमी : ही दोरी पंख्यामागे होती. ओळखतोस?

टोर्स्टी : दोरी काय, समुद्रात हजार असतात.

सायमी : शेजारची बघ. आणि माझ्या खिडकीकडे बघ. तो पडदा अजून अर्धा तिथेच आहे.

हिल्जा : आता ठेव ना छातीवर हात!

सायमी : हिल्जा, थांब. टोर्स्टी, झेंडी दिसली होती का?

टोर्स्टी : सूर्य समोर होता.

सायमी : दिसली होती का?

टोर्स्टी : उशिरा. जावई बोटीत होता, त्याला वेग दाखवत होतो. मोटर अडकली तशी मी जाळं कापून काढलं. मग मंडळाने विचारलं, आणि जावई शेजारीच बसलेला... तोंडून निघून गेलं. नंतर मागे घेता येईना. सायमी, माणूस गेला आता. त्याला काय उपयोग?

सायमी : त्याला नाही. मला आहे. शनिवारी मंडळाची सभा आहे. तू उभा राहून सांगशील.

टोर्स्टी : आणि नाही सांगितलं तर?

सायमी : तर दोरी मेजावर ठेवून मी सांगेन. तू बोललास तर शब्द तुझे असतील. मी बोलले तर माझे. जावयालाही बोलाव.

टोर्स्टी : त्याला कशाला?

सायमी : त्याच्यासमोर खोटं बोललास, म्हणून.

टोर्स्टी : पाणी आत ठेवलं असतंस तर मला कधीच कळलं नसतं. का काढलंस?

सायमी : तू नवी मोटर घेऊन मोकळा झाला असतास. ही अजून वीस वर्षं चालेल. दर वेळी चालू करायला दोर ओढताना तुला आठवेल आत कोणाचं सील आहे. ने आता. उभीच ठेव, आडवी नको. पाणी साचतं.

टोर्स्टी : शनिवारी किती वाजता?

सायमी : सहा.

हिल्जा : गेला. चालताना बघितलंस? मोटर उचलून नेतोय की शवपेटी, कळत नाही. घे, बन खा. अगं, आता तरी हस.

सायमी : हिल्जा, खिळ्यावरची दोरी आर्मासने कधी वळली, माहितीय?

हिल्जा : कधी?

सायमी : सभेवरून आलो त्या रात्री मी त्याला विचारलं, ‘झेंडी नक्की लावली होतीस ना?’

हिल्जा : तू विचारलंस?

सायमी : एकदाच. सकाळी तो पडद्याची उरलेली पट्टी घेऊन इथे बसला. जाळं टाकायला बंदी होती, तरी वळत बसला.

हिल्जा : हे कोणाला सांगू नकोस.

सायमी : शनिवारी सांगणार आहे. आधी टोर्स्टी बोलेल. मग मी.