दर्यापूरहून येणारी गाडी

स्वराली — म्हणजे त्या मोर्च्यात तुम्ही दोघंही पुढच्या रांगेत होतात?

खुशालराव — पुढच्या म्हंजे, पोलिसाच्या काठीच्या एकदम जवळ. काठी केशरबाईच्या डोक्शावर येऊन राहिली होती, म्या हात आडवा घातला. हाड मोडलं. डाक्टर इचारते, काय झालं? म्या म्हनलं, बाईच्या वाट्याचं होतं, मले भेटलं.

स्वराली — आजी, हे तुम्ही सांगितलंच नव्हतं मला. आजी?

केशरबाई — आँ? हो, खरं हाय ते. खुशालभाऊ नसते तं मी आज तुह्यापुढं बसून बोलत नसती.

स्वराली — तुमचं लक्ष सारखं फोनकडे आहे. रेकॉर्डिंग थांबवू का?

केशरबाई — नाई, चालू दे. दीक्षाचा, माह्या नातीचा फोन येनार हाय.

खुशालराव — दीक्षाले बी आनजा बरं लग्नाले. बाई, पत्रिका तशीच ठेवली तुमी. उघडून तं पाहा. यशूचं नाव कसं मोठ्या अक्षरात छापलं. तुमीच ठेवलं होतं ना ते, यशोधरा म्हनून.

केशरबाई — पाहाते नं. रविवारीच हाय म्हनता?

खुशालराव — रविवारी. पोरगा अकोल्याचा, कंपनीत हाय. हुंडा नाई, काई नाई, बुद्धवंदना घेऊन साधं लगन. आपल्या तत्त्वाच्या भाहेर गेलो नाई मी. थांबा, उत्तमचा फोन. माहा पोरगा हाय, यशूचा बाप. अंदर आयकू येत नाई, फाटकापाशी बोलून येतो.

केशरबाई — स्वराली, ते यंत्र बंद कर. आन हळू बोल.

स्वराली — केलं बंद. काय झालं?

केशरबाई — यांची यशू दीक्षासंग हाय. दोघी दर्यापूरच्या गाडीत बसल्या, इकडंच येऊन राहिल्या. घरी सांगतलं नाई.

स्वराली — पळून?

केशरबाई — सोळा वर्साची हाय ते. औंदा दहावी झाली. लगन नाई कराचं, शिकाचं हाय, म्हनते. दीक्षा शाळेत गेली होती पोरीयले कायदा सांगाले, तवापासून नंबर होता तिच्यापाशी. काल रडत फोन केला. दीक्षानं पयले ग्रामसेवकाले इनंती केली. तो म्हने, घरचा मामला हाय, मले बी जेवाचं बोलावनं हाय. मंग बालकल्याण समितीत सांगतलं. म्याडम वाट पाहून राहिल्या. पन दोघी तिथं पोचल्या पाहिजे.

स्वराली — आणि आजोबांना यातलं काहीच माहीत नाही?

केशरबाई — नाई. म्हनून तं पत्रिका उघडली नाई म्या. आले पाहाय ते. तोंड पाहून घे त्यायचं, समजलं त्यायले.

खुशालराव — बाई, पानी द्या जरा.

केशरबाई — बसा पयले.

खुशालराव — यशू घरात नाई. मैत्रिणीकडं जाते म्हनून गेली, मैत्रिणीकडं गेलीच नाई. उत्तम सोयऱ्याच्या पोट्ट्यायले घेऊन निंघाला. कोनीतरी तिले एस्टीत चढताना पाह्यलं म्हनते. संग एक पोरगी होती, शहरातली. आता हे लोकं अमरावतीच्या स्टँडवर उभे हायेत. बाई, तुमची एवढी वळख हाय, पोलिसात, बायांच्या संघटनेत. लावा नं फोन कोनाले.

केशरबाई — खुशालभाऊ, ते शहरातली पोरगी दीक्षा हाय.

खुशालराव — कोन दीक्षा?

केशरबाई — माही.

खुशालराव — तुमाले मालूम होतं?

केशरबाई — सकाळपासून.

खुशालराव — म्या पत्रिका देली तवा बी?

केशरबाई — हो.

खुशालराव — कुठून येते गाडी? कुठं उतरून राहिल्या ते सांगा.

केशरबाई — ते मी नाई सांगनार. दीक्षा तिले बालकल्याण समितीत नेऊन राहिली.

खुशालराव — माही नात हाय ते, बाई.

केशरबाई — त्याच गाडीत माही बी हाय. तुमचा उत्तम चार जनं घेऊन उभा हाय.

स्वराली — आजोबा, अठरा पूर्ण नसताना लग्न लावणं गुन्हा आहे. तुमच्यावरही…

खुशालराव — पोरी, मले कायदा नको सांगू. या कायद्यासाठी रस्त्यावर बसलो आमी, तवा तू जन्मली नव्हती. मले ठाव हाय सोळा म्हंजे किती असते.

केशरबाई — मंग काहून?

खुशालराव — तुमी शहरात राहाता. तुमची दीक्षा गल्लीतून निंघाली तं चार घरं वळखीची. माही यशू बसथांब्यापर्यंत चालत जाते, दोन्हीकडं तूर डोक्शाइतकी. तिची माय गेली तवापासून मीच सोडतो, मीच आनतो. मांगच्या महिन्यात तीन पोट्टे मोटरसायकल घेऊन तिच्या मांगं लागले. गावातलेच, मोठ्या घरचे. मी त्यायच्या बापाकडं गेलो. तो काय म्हनला, मालूम हाय? म्हने, खुशालराव, तुमच्या पोरी लयच वर मान करून चालून राहिल्या आजकाल.

केशरबाई — तक्रार कराची होती नं. मले सांगाचं होतं.

खुशालराव — तक्रार केली अन् उद्या तिले काई झालं तं? मोर्च्यात काठीले नाई भेलो मी. पन हे पोट्टी घरी येन्याच्या वेळची बस चुकली का मी थांब्यावरून हालत नाई. मंग उत्तम म्हनला, चांगलं स्थळ आलं, देऊन टाकू. मले वाटलं, सुटलो.

केशरबाई — तुमी सुटले. ते कुठं सुटली?

खुशालराव — अन् आता हे समितीत गेली का गावभर होईल. ते लोकं हासतीन. म्हनतीन, पाहा, भाषनं देत होते, यायच्याच घरी पोलीस आले.

केशरबाई — हासू द्या. त्यायच्या हासण्यापायी पोरीनं संसार कराचा का? खुशालभाऊ, मी तुमाले हलकं नाई समजत. माह्या वाट्याची काठी तुमी खाल्ली. पन यशूच्या वाट्याची तिले एकटीलेच खाऊ देऊन राहिले तुमी.

खुशालराव — असं नका बोलू, बाई.

केशरबाई — फोन वाजून राहिला. दीक्षा, बोल. हो. हो. कुठपर्यंत आल्या? स्टँडवर नको उतरू. अजिबात नको. यशूचा बाप उभा हाय तिथं. शहराच्या अलीकडं वलगावले उतर, मी पाहाते काय कराचं ते. नाई, तिले नको सांगू, भेईल. स्वराली, तुही गाडी भाहेर हाय ना?

स्वराली — आहे, पण ती बाबांची आहे. आजी, मी फक्त मुलाखत घ्यायला आले होते. मला असं काही… काही झालं तर बाबा विचारतील.

केशरबाई — तुहे बाबा वकील हायेत. आत्ताच इचार त्यायले. पन लवकर इचार.

स्वराली — नको. निघताना मेसेज टाकते. वलगावला कुठे थांबायचं तेवढं सांगा.

खुशालराव — मले काहून आयकू देलं तुमी? मी उत्तमले आत्ता फोन करू शकतो, वलगाव म्हनून.

केशरबाई — करू शकता.

खुशालराव — अन् तरी माह्यापुढंच बोलल्या.

केशरबाई — तुमच्या आड काई करनं मले सकाळपासून जड चाललं, खुशालभाऊ.

(खुशालराव फोन काढतात. उत्तमचा नंबर लावतात.)

खुशालराव — उत्तम, मी बोलतो. स्टँडवरून निंघ. नाई, आल्या नाईत. मले मालूम हाय कुठं हाय ते. सांगत नाई तुले. आवाज खाली कर, बापासंग बोलून राहिला तू. पोट्ट्यायले घे अन् गावाकडं जा. अकोल्याच्या लोकायले मी सांगतो, आमचंच चुकलं म्हनून. इज्जत? इज्जतीचं मी पाहातो. तू निंघ.

स्वराली — ऐकतील ते?

खुशालराव — मालूम नाई. आजपर्यंत आयकत होता. बाई, दीक्षाचा नंबर लावून द्या. यशूले द्याले सांगा.

केशरबाई — दीक्षा, यशूले दे. तिचे आजोबा हायेत. हो, माह्याच घरी हायेत. दे तू. घ्या.

खुशालराव — यशू, आजा बोलतो. जेवली का तू? हं. रडू नको, माय, गाडीत लोकं पाहातीन. घरी न्याले नाई येत मी. नाई, लगनाचं बी नाई काढत. बाप नाई तिथं, गेला तो. मंग आता काहून रडते? कोनाले भेऊन राहिली? यशू? मले?

केशरबाई — काय म्हनते?

खुशालराव — फोन दीक्षाले देऊन देला.

स्वराली — आजोबा, निघायला हवं. तुम्ही येताय ना?

खुशालराव — येतो. पन वलगाव आलं का मले अलीकडंच उतरवून दे, पोरी. तिले पयले इचार, आजा हाय, गाडीत बसला तं चालते का म्हनून. नाई म्हनली तं तुमी व्हा पुढं, मी मांगून एस्टीनं येतो.