ताप उतरला

औषधाच्या दुकानात निवृत्त सिस्टर रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पुढे एक म्हातारी.

"काकांचा फ्लू कसा आहे, काकू?" दुकानदाराने विचारलं.

"उतार पडला रे! परवा एकशे तीन होता, काल सत्त्याण्णव, आज तर एकोणनव्वद."

"खोकला?"

"रात्रीपासून एकदाही नाही. तू सांगितलंस तशी खोली वेगळी केली, खिडकी सताड उघडी ठेवली."

"पाणी पितात ना?"

"चमच्याने घालते, पण ओघळून जातं. झोप मात्र छान लागलीय. कूससुद्धा बदलत नाहीत."

दुकानदाराचा हात गोळ्यांच्या पाकिटावरच राहिला.

सिस्टर हळूच म्हणाल्या, "मी येऊ तुमच्याबरोबर घरी?"

"या की. पण आवाज करू नका हं. तीन दिवसांनी डोळा लागलाय त्यांचा."